नंबर विचारू नका, धार पाहा

प्रश्न : उघड्या वस्तऱ्याला शेवटची धार देण्यासाठी बेल्जियमचा पिवळा ‘कोटिक्यूल’ दगड घ्यायचा आहे. विक्रेता कणांच्या बारीकपणाचा नंबर सांगत नाही. दगडाची पारख कशी करावी?

उत्तर : नंबर नसतोच! तो कारखान्यातल्या दगडांना असतो, कारण तिथे कण निवडून एकसारखे घेतात. कोटिक्यूल निघतो आर्देन भागातल्या व्हिएल्सामच्या परिसरातून. त्यात अभ्रकाच्या बारीक पोतात गार्नेटचे कण असतात; कोन बोथट असल्याने ते पात्यावर उथळ ओरखडे काढतात. मात्र दर थराचा दगड वेगळा.

रंगावर भाळू नये. पात्याला अडेल अशी भेग किंवा टणक रेघ नसावी.

खरी परीक्षा वस्तऱ्यावरच. आधीच नीट धार असलेला वस्तरा घ्यावा. सपाट केलेल्या दगडावरचा दुधी गाळ धुऊन, नुसत्या पाण्यावर, पाठ आणि धार दोन्ही टेकवून हलक्या हाताने फिरवावा. गाळ राहिला तर दगड भराभर कापतो, पण धार तितकी तलम येत नाही. भिंगातून धार सलग दिसली, की चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून दाढी करावी. गालाची आग झाली नाही, तर दगड उत्तम.

परत घेण्याची अट मान्य करणाऱ्याकडूनच खरेदी करावी.