काय मोडलं, काय नुसतंच हललं

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि त्या वर्षी वसुबारस होती १७ तारखेला. आमच्या धंद्यात ज्या दिवसांत माणूस जेवायलाही वेळेवर उठत नाही, नेमक्या त्याच दिवसांत पडद्यावर सूचना झळकत होती की आता अपग्रेड करा. मी घरून डीटीपीचं काम करते. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. दिवाळी होईपर्यंत मी त्या सूचनेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि तुम्हालाही तेच सांगेन. काम अंगावर असताना अपग्रेड करू नये. मुदत संपली म्हणजे दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडत नाही. सुरक्षेतल्या नव्या त्रुटी बुजवणं थांबतं, इतकंच. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या दुरुस्त्या घेत राहण्याची सोयही ठेवली होती. त्यामुळे आठ-पंधरा दिवस थांबल्यानं आभाळ कोसळणार नव्हतं. अर्थात कायमचं थांबणं हा उपाय नव्हे. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली ठेवणं मला पटत नाही.

तुळशीचं लग्न झालं, बिलं गेली, आणि मग मी माझ्या दोन यंत्रांपैकी नव्यावर विंडोज ११ घेतली. त्यानंतर जे झालं त्यातून एकच गोष्ट शिकण्यासारखी निघाली, म्हणून हा लेख. अपग्रेडनंतर पहिल्या दिवशी सगळंच बिघडल्यासारखं वाटतं. खरं तर त्यातलं थोडंच मोडलेलं असतं, बाकीचं नुसतं जागचं हललेलं असतं. हे दोन्ही एकाच रागात मिसळलं की माणूस हललेल्या गोष्टींवर दिवस घालवतो आणि मोडलेल्याकडे लक्ष जातं तेव्हा मागे फिरायची वेळ गेलेली असते. म्हणून एका वहीत दोन रकाने करा. जे खटकेल ते लगेच लिहा, पण कुठल्या रकान्यात जातं ते ठरवूनच.

हललेल्याचा रकाना भराभर भरतो. टास्कबारवरची चिन्हं मधोमध येऊन बसलेली असतात. त्यांना पुन्हा डावीकडे नेता येतं. टास्कबारच्या सेटिंगमध्ये अलाइनमेंट नावाची ओळ आहे. फाइलवर उजवी क्लिक केली की पूर्वीची लांबलचक यादी दिसत नाही, त्रोटक दिसते. शिफ्ट दाबून उजवी क्लिक केली की जुनी यादी हजर. मराठी कळफलकांचा क्रम बदललेला असू शकतो. विंडोज आणि स्पेस या दोन कळा एकत्र दाबून पाहा, इन्स्क्रिप्ट तिथेच असतो. या गोष्टींसाठी कुणाला घरी बोलवून पैसे देऊ नका. पंधरवड्यात हाताला वळण पडतं.

पण प्रत्येक तक्रारीला ‘सवय होईल’ हे उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. घरातली तरुण मुलं हे फार सहज म्हणतात. टास्कबार पडद्याच्या डाव्या कडेला उभा ठेवण्याची सोय आधीच्या विंडोजमध्ये होती. ११ क्रमांकाची आवृत्ती २०२१ मध्ये आली तेव्हा ती काढलेली होती. पाहणाऱ्याला हा हट्ट वाटेल. पुस्तकाचं पान उभं असतं आणि पडदा आडवा. टास्कबार कडेला गेला की पानाला उंची जास्त मिळते, दोन ओळी अधिक दिसतात, आणि दिवसभर पानं लावणाऱ्याला त्या दोन ओळींची किंमत कळते. आवड म्हणून जिची बोळवण होते तिच्यामागे बऱ्याचदा कामाचं कारण असतं. ते कारण सांगता येत असेल तर तक्रार जरूर करा, कारण तक्रारींनी गोष्टी परत आलेल्या आहेत. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण गेलं होतं. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परतलं आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर मेनूही. टास्कबारवर प्रत्येक खिडकीचं नाव सुटं दाखवायची सोयसुद्धा ११ मध्ये सुरुवातीला नव्हती, ती २०२३ मध्ये परत दिली गेली. हवी ती सोय परत येईपर्यंत कुठून तरी उतरवून घेतलेली, जुना चेहरा परत आणून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं मात्र पहिल्या आठवड्यात टाकू नका. ती प्रणालीच्या आतल्या भागात हात घालतात. मग काही अडलं तर दोष अपग्रेडचा की त्यांचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता मोडलेल्याचा रकाना. माझ्याकडे त्यात पहिलीच नोंद होती ती फॉन्टच्या लॉकची. मराठी डीटीपीत वर्षानुवर्षं चाललेले फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, आणि ते टाइप करायला त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते सॉफ्टवेअर यूएसबीला लावलेलं लॉक ओळखल्याशिवाय सुरूच होत नाही. अपग्रेडनंतर माझं लॉक ओळखलं जाईना. जुनी पानं दिसत होती, छापलीही जात होती, पण त्यांतला एक काना दुरुस्त करायची सोय उरली नव्हती. विकणाऱ्यांना फोन केला तर उत्तर आलं की नवी आवृत्ती विकत घ्या.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचं आधी ओळखता येतं. लॉक, स्कॅनर, जुना प्रिंटर यांच्याशी बोलायला प्रणालीला ड्रायव्हर लागतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटची येते, तिची ३२ बिटची आवृत्तीच नाही. ज्यांच्या यंत्रावर विंडोज १० चा ३२ बिटचा अवतार होता, त्यांचे त्या जातीचे ड्रायव्हर इथे निरुपयोगी. शिवाय मेमरी इंटेग्रिटी नावाची एक सुरक्षा जुन्या, संशयास्पद ड्रायव्हरांना दारातच अडवते. ती बंद केली की काही उपकरणं चालू होतात, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी तो घेतला नाही. एका लॉकसाठी रोजच्या यंत्राची कडी काढून ठेवणं मला महाग वाटलं. डॉसच्या काळातले फॉक्सप्रोमधले हिशेबाचे प्रोग्रॅम अजून चालवणारी दुकानं मला माहीत आहेत. ते १६ बिटचे प्रोग्रॅम ३२ बिटच्या विंडोजवर कसेबसे चालत. ६४ बिटवर ते थेट उघडतच नाहीत. अशा दुकानदारानं अपग्रेडच्या आधी आपल्या नोंदी एक्सेलमध्ये काढून घ्याव्यात.

दुसरी नोंद माझी नव्हे, एका संस्थेच्या कार्यालयातली. त्यांनी नवा संगणकच घेतला, आणि अहवालाची वर्डमधली फाइल उघडली तर तक्ते पानाबाहेर गेलेले, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकलेले. त्यांना वाटलं फाइल खराब झाली. फाइल मंगल फॉन्टमध्ये होती आणि मंगल त्या यंत्रावर नव्हताच. विंडोज १० पासूनच मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट ऐच्छिक करून ठेवलेले आहेत. हिंदी किंवा मराठी भाषा जोडली नसेल तर ते येत नाहीत आणि त्यांच्या जागी निर्मला दिसतो. त्याची अक्षरं वेगळ्या मापाची, म्हणून ओळी तुटतात वेगळ्या ठिकाणी. ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या, पानं जागेवर येतात. मंगलमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक कार्यालयानं हे भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट पानं लावणाऱ्यांसाठी, आणि ही फार फसवी आहे. वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांचा पत्ता बदलतो. आपल्याला ती त्याच जागी दिसतात, पण मांडणीच्या सॉफ्टवेअरला चित्राचा पूर्ण पत्ता लागतो. परिणामी पानावरची सगळी चित्रं ‘सापडत नाहीत’ अशी तक्रार येते. शिवाय फुकट जागा ५ जीबीची. एका दिवाळी अंकाच्या रंगीत चित्रांना ती पुरत नाही. कामाच्या फायली डेस्कटॉपवर ठेवायची सवय आपल्यापैकी बहुतेकांना आहे. अपग्रेडच्या आधीच त्या डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये हलवा आणि त्याची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ती हार्ड डिस्क मग काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेल्या प्रतीला मी प्रत मानत नाही.

मोडलेल्याचा रकाना लवकर भरण्याचं कारण असं की अपग्रेडनंतर मागे जायची मुभा साधारण १० दिवसच असते. सेटिंगमधल्या सिस्टीम आणि मग रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ असा पर्याय दिसतो. जुनी प्रणाली तोवर विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जपलेली असते. ते फोल्डर भलंमोठं असतं, आणि नेमकं तेच कुणी तरी उत्साहानं साफ करतं. माझा भाचा डिस्क साफ करायला बसला होता, त्याला वेळीच उठवलं. म्हणून पहिल्या दोन दिवसांत नवं काम घेऊ नका. गेल्या वर्षभरात लागलेली प्रत्येक गोष्ट एकेकदा करून पाहा. जुनी फाइल उघडा, एक अक्षर दुरुस्त करा, पीडीएफ काढा, प्रिंट घ्या, स्कॅन करा, डिजिटल सहीचं टोकन असेल तर ते लावा. जे अडेल त्याला तीन-चार दिवसांत उपाय सापडला नाही तर सरळ मागे फिरा. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक, ज्याचा पत्ता अडचण आल्यावरच लागतो. नव्या संगणकांवर, किंवा विंडोज नव्यानं टाकल्यावर, डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असू शकतं. पुढे कधी यंत्र दुरुस्तीला गेलं आणि त्यानं ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ते खातं दुकानातल्या मुलानं स्वतःच्या फोनवर उघडून दिलेलं असेल तर काय होईल, याचा विचार करा. की कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. आणि खातं स्वतःच्या नंबरवर स्वतः उघडा, वेळ लागला तरी चालेल.

माझं दुसरं यंत्र विंडोज ११ च्या अटीतच बसलं नाही. प्रोसेसर जुना होता. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही लागते. अटी चुकवून विंडोज ११ बसवून देतो म्हणणारे भेटले. मी त्या यंत्राचं इंटरनेट तोडलं, लॉक तिथे लावलं आणि ते फक्त जुन्या फॉन्टच्या फायलींसाठी ठेवलं. फायली पेन ड्राइव्हनं नेते-आणते, तपासून. २००१ नंतर नवी मोठी आवृत्तीच न आलेला पेजमेकरही तिथे सुखानं चालतो. ज्याच्याकडे जुन्या कामाचा साठा आहे त्याला ही वाटणी मी सुचवेन. अशी जुनी यंत्रं भंगारात पाच-सहाशे रुपयांना देऊन टाकू नका.

मात्र हे यंत्र कधी तरी बसणारच, म्हणून दर आठवड्याला थोडा थोडा साठा युनिकोडमध्ये आणते आहे. रूपांतर करणारी साधनं आहेत आणि ती बरीचशी बरोबर काम करतात. पण रफार एक अक्षर पुढे सरकतो, ‘पुऱ्या’तला अर्धा र बिघडतो, आणि मध्ये आलेला इंग्रजी शब्द मराठी समजून त्याचा पार चुराडा होतो. त्यामुळे रूपांतरित मजकुराचं प्रूफ पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि त्या वाचनाचे पैसे मी गिऱ्हाइकाला बिलात वेगळे दाखवते.