किरिबाती : तीन द्वीपसमूहांचा देश

जगाचा नकाशा बहुधा पॅसिफिक महासागरात दुभंगलेला असतो. अर्धा महासागर डाव्या कडेस, अर्धा उजव्या कडेस. नेमक्या त्या ठिकाणी किरिबाती हे राष्ट्र वसलेले आहे. थॉमस गिल्बर्ट हा इंग्रज कप्तान १७८८ मध्ये या बेटांजवळून गेला. त्याच्यावरून पडलेल्या ‘गिल्बर्ट्स’ या नावाचे ‘किरिबाती’ हे स्थानिक रूप असून त्याचा उच्चार ‘किरिबास’ असा होतो.

विस्तार : या देशात ३३ बेटे आहेत. पश्चिमेस गिल्बर्ट समूहाची १६, मध्यभागी फिनिक्स समूहाची ८, पूर्वेस लाइन समूहातील ८ आणि गिल्बर्टच्याही पश्चिमेस एकटे बनाबा. एकूण भूमी अवघी ८११ चौ. कि.मी.; परंतु देशाच्या अधिकारातील सागरी क्षेत्र सुमारे ३५ लाख चौ. कि.मी., म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून अधिक आहे. लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक राजधानी दक्षिण तारावा येथे दाटीने राहतात, तर फिनिक्स समूहात केवळ कँटन बेटावर मूठभर वस्ती आहे.

आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वी या देशाच्या मधून जात असे. तारावात सोमवार उजाडला की लाइन बेटांवर रविवार असे. त्यामुळे दोन्हीकडील कार्यालये आठवड्यातून चारच दिवस एकाच वेळी उघडी असत. १९९५ च्या प्रारंभी किरिबातीने ही रेषा आपल्या पूर्व सीमेपलीकडे सरकवली आणि संपूर्ण राष्ट्राचा वार एक झाला.

भूरचना : यांतील बहुतेक बेटे कंकणद्वीपे आहेत. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या कडेने प्रवाळ मात्र वर वाढत राहतात. शेवटी मधोमध खारकच्छ व भोवती प्रवाळांचे कडे उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडली. आपले लक्षद्वीपही याच प्रकारचे आहे. अशा भूमीवर नद्या नसतात. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि हलके असल्याने खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत राहते. या गोड्या पाण्यापर्यंत खड्डे खणून लोक त्यांत ‘बाबाई’ हे अळूच्या कुळातील कंद पिकवतात. पाठ्यपुस्तकांचा आधार नसलेल्या पूर्वजांनी हे भूजलशास्त्र अनुभवातून सिद्ध केले होते.

बनाबाचा इतिहास : बनाबा हे उंचावलेले प्रवाळबेट जेमतेम ६ चौ. कि.मी.चे आहे. येथे फॉस्फेटचे साठे सापडले आणि १९०० पासून १९७९ पर्यंत ते उपसले गेले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची शेते या खताने सुपीक झाली. बनाबाचा बहुतेक पृष्ठभाग मात्र खरवडला जाऊन ओसाड झाला. १९४५ मध्ये ब्रिटिश सत्तेने बनाबावासीयांना सुमारे दोन हजार कि.मी. दूर, फिजीतील राबी बेटावर नेऊन वसवले. ते बेट त्यांच्याच फॉस्फेटच्या उत्पन्नातून विकत घेण्यात आले होते. १२ जुलै १९७९ रोजी किरिबाती स्वतंत्र झाले, त्याच वर्षी खाणकामही थांबले.

आजचा प्रश्न : बहुतांश भूमी समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरच उंच आहे. समुद्र चढला की जमीन बुडण्याच्या आधीच भरतीचे खारे पाणी विहिरींत आणि बाबाईच्या खड्ड्यांत शिरते. माणसाला बेट सोडावे लागते ते प्रथम पाण्यासाठी. पृथ्वीला तापवणाऱ्या वायूंमध्ये या देशाचा वाटा नगण्य आहे. तरी २०१४ मध्ये त्याला फिजीत जमीन खरेदी करावी लागली. बनाबावासीयांवर जी वेळ आली, ती साऱ्या राष्ट्रावर येऊ नये, हीच तेथील जनतेची मागणी आहे.

स्वाध्याय : पृथ्वीगोलावर किरिबातीचे तीनही द्वीपसमूह शोधा. हा देश चारही गोलार्धांत कसा येतो ते विषुववृत्त व शून्य अंश–एकशे ऐंशी अंश रेखावृत्तांच्या आधारे दाखवा. नंतर विचार करा : बनाबाच्या मातीची किंमत कोणी ठरवली आणि कोणी मोजली?