सुपारी, सोंग आणि स्वतःची भाषा : 'बिली समर्स'

प्रस्तावना

मराठीत लग्न ठरले की 'सुपारी फुटली' असे म्हणतात. वचनबद्धतेचा हाच शब्द गुन्हेगारी बोलीत खुनाच्या सौद्यासाठी रूढ झाला आहे. हिंसेला असा आडपडदा लागतो. हे सूत्र धरून स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाची २०२१ मध्ये प्रकाशित झालेली 'बिली समर्स' ही थरारक कादंबरी आपण या घटकात अभ्यासणार आहोत.

कथानक

इराक युद्धात नेमबाज सैनिक असलेला बिली पुढे पैसे घेऊन माणसे मारू लागतो. शेवटचे एक काम करून हा धंदा सोडण्याचे त्याने ठरवले आहे. न्यायालयात आणल्या जाणाऱ्या एका आरोपीला दुरून टिपण्यासाठी तो एका लहान शहरात लेखक म्हणून राहतो. सोंग वठवण्यासाठी तो खरोखरच लिहू लागतो. लिहितो ती स्वतःचीच कहाणी.

निवेदनाची भाषा

फक्त 'वाईट' माणसांनाच मारायचे, हा बिलीचा नियम. हे विशेषण येथे 'सुपारी'सारखेच कृत्य झाकण्याचे काम करते. काम देणाऱ्यांसमोर बिली मंदबुद्धी असल्याचे भासवतो. लिखाण त्यांच्या नजरेस पडेल या शंकेने आरंभीचा मजकूरही तो भोळ्या भाषेत लिहितो. पुढे मात्र तो स्वतःच्या भाषेकडे वळतो. लहान बहिणीचा मृत्यू, तिच्या मारेकऱ्यावर बालवयात झाडलेली गोळी, फलुजाची लढाई हे सारे तो लिहून काढतो. शेजारच्या मुलीने दिलेले चित्र तो जपून ठेवतो. विश्वास टाकणाऱ्यांना आपण फसवले, ही बोच 'वाईट' हा शब्द त्याच्यावरच उलटवते.

मूल्यमापन

मग बिली सुधारतो का? त्याच्या हातून पुढेही रक्त सांडते. म्हणजे कृतीतील बदल अपुराच राहतो. बदलते ती स्वतःविषयी बोलण्याची रीत. ही सुधारणेची सुरुवात आहे, सुधारणा नव्हे. शिवाय कादंबरीत बाजू मांडली जाते ती बिलीची. त्याने मारलेल्यांना निवेदनात आवाज नाही. आपली सहानुभूती या निवडीतून घडते, हे भान चिकित्सक वाचकाने सोडू नये.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. बिलीच्या लेखनातील भाषाबदल त्याच्या व्यक्तिरेखेविषयी काय सुचवतो?

२. वाल्या कोळ्याची लोककथा आणि ही कादंबरी यांतील पश्चात्तापाची तुलना करा.