गाडी बघायला तूही जा, बायो

बायो, तू पाठवलेले फोटो नीट बघितले. २०१६ ची एक्सयूव्ही ५००, पांढरी, डब्ल्यू ८, मागतायत सव्वापाच लाख. गाडी दिसते छान, आणि घरात सगळ्यांचं मन तिच्यावर बसलंय हेही कळलं. मी नको म्हणायला बसलेली नाही. पण यातले निम्मे पैसे तुझ्या एफडीतले आहेत, म्हणून काही गोष्टी तुझ्याशी एकटीशीच बोलते. सगळे जमलेले असताना फोनवर हे धड बोलता येत नाही.

आधी सांग, मागच्या रांगेत बसणार कोण?

सात माणसांची गाडी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गणपतीत डोंबिवलीहून गावाला निघालेलं आख्खं घर येतं. सासूबाई, सासरे, तुम्ही दोघं, दोन मुलं आणि जाऊबाईंची लेक. झाले सात. मग सामान कुठे? तिसरी रांग उघडली की मागच्या दाराशी मुलांची दप्तरं उभी राहतील एवढीच जागा उरते. मखर, कपड्यांच्या बॅगा, सासूबाईंचा डबेपसारा, सगळं टपावर जाणार. आणि ऐन पावसात मुंबई-गोवा रस्त्यावर टपावर ताडपत्री बांधून येणं काय असतं ते तुला मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे, तिसऱ्या रांगेत पोचायला मधली सीट उलटवून आत चढावं लागतं. खालचा पत्रा उंच आणि सीट बुटकी, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात. सासूबाईंचे गुडघे तू बघतेसच. म्हणजे मागे मुलंच जाणार. त्यांची डोकी आणि मागची काच यांच्यात फार अंतर नसतं गं. म्हणून मागचे दोन्ही पट्टे पूर्ण ओढून बघ, सोडल्यावर झटकन आत जातात का, लॉक नीट बसतं का. दहा वर्षं कोणी हात न लावलेले पट्टे अडकतात. एअरबॅगचंही बघ. ही गाडी आली तेव्हा वरच्या प्रकाराला सहा होत्या आणि खालच्याला पुढच्या दोनच. पुढे २०१५ मध्ये डब्ल्यू १० हा आणखी वरचा प्रकार आला, म्हणून नुसतं डब्ल्यू ८ वाचून सहा आहेत असं धरून चालू नकोस. खिडक्यांच्या बाजूच्या खांबांवर एअरबॅगची खूण असते, ती शोध.

मुलांना घेऊनच जा. एसी लावून त्यांना मागे बसव, तूही त्यांच्याबरोबर बस आणि अर्धा तास खड्ड्यातून, गतिरोधकांवरून फिरवायला सांग. मागे गारवा पोचतो का, मळमळतं का, दणके किती बसतात, हे पुढे बसून कधीच कळत नाही. गाडी बघायला जाणारे सगळे पुढेच बसतात.

गणपती आणि मे महिना एवढंच कारण असतं तर मी सरळ म्हटलं असतं की त्या दिवसांपुरती एर्टिगा नाहीतर इनोव्हा भाड्याने घ्या. उरलेलं वर्षभर पावणेदोन टनांची, साडेचार मीटरहून लांब गाडी तुमच्या सोसायटीच्या त्या चिंचोळ्या वळणावरून काढत बसण्यात अर्थ नव्हता. पण तुमच्याकडे नणंद मुलांसकट दर शनिवार-रविवारी येते, सासऱ्यांच्या तपासण्या चालू असतात, सगळ्यांनाच जायचं असतं. दर वेळी दोन गाड्या काढण्यापेक्षा एक मोठी बरी, हे मला पटतं.

आता गाडीबद्दल. ही आपल्या चाकणला बनायची. २०११ मध्ये आली, २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी ७०० आली. तिचं २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन त्याच घराण्यातलं जे स्कॉर्पिओत असतं, त्यामुळे महाडपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही बंद पडली तरी हात लावणारा मेकॅनिक मिळेल. जुन्या गाडीला ही मोठी सोय. काळजी आहे ती बाहेरच्या भागांची. बंद झालेल्या गाडीचा हेडलाइट, मागचं दार, आतली स्क्रीन हे लवकर मिळेल का आणि केवढ्याला, ते टोकन देण्याआधी तुमच्या तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात विचारून ये. एवढं एक काम तू ऑफिसमधून येताना करू शकशील.

फोटोत मला एक गोष्ट खटकली. गाडी २०१६ ची आणि नंबरची मालिका अगदी अलीकडची. म्हणजे हा नंबर तिचा पहिला नव्हे. गाडी बहुतेक दुसऱ्या राज्यातून आली आहे. दिल्लीकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशांनी बंधनं आली, म्हणून तिथले मालक त्याआधीच गाड्या स्वस्तात काढत आलेत आणि त्या आपल्याकडे येतात. त्यात वाईट काही नाही, कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीपेक्षा दिल्लीच्या गाडीचा पत्रा चांगलाही निघेल. फक्त ती किंमत दिल्लीची धरून ठरली पाहिजे, ठाण्याची नव्हे. आरसीवर इंजिनाचा आकडा वाच. नेहमीचं इंजिन २१७९ सीसीचं. आकडा दोन हजाराच्या आत दिसला तर ती २०१६ मधली खास गाडी. तेव्हा दिल्ली परिसरात दोन हजार सीसीच्या वरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर काही महिने बंदी होती, तेवढ्यासाठी १.९९ लिटरचं इंजिन काढलं होतं. ते फार थोडा काळ चाललं. मी तुझ्या जागी असते तर ती गाडी सोडली असती, कारण कमी निघालेल्या इंजिनाचे सुटे भाग शोधत फिरायला तुझ्याकडे वेळ नाही.

बाहेरची गाडी असली तर मूळ आरटीओचं ना हरकत पत्र आणि महाराष्ट्रात भरलेल्या रोड टॅक्सची पावती मागायची. ‘होऊन जाईल मॅडम’ असं उत्तर आलं तर उठून यायचं.

आणि बायो, पाणी. हे मी चिपळूणमध्ये बसून सांगतेय म्हणून तरी ऐक. २२ जुलै २०२१ च्या पुरात आपल्या बाजारपेठेतल्या कितीतरी गाड्या टपापर्यंत बुडाल्या. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला तेच झालं. त्या गाड्या भंगारातच गेल्या असं नाही. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून पैसे दिले की बुडालेली गाडी लिलावात जाते, कोणीतरी ती घेतो, धुऊन, सीट कव्हर चढवून दूरच्या शहरात विकतो. वर्षभर चालतेसुद्धा. मग एक-एक करून खिडक्या, सेन्सर बिघडतात, एबीएसचा दिवा लागतो, आणि वायरिंगच्या दुखण्याला तळ नसतो. या गाडीत वायरिंग भरपूर आहे.

बघायचं असं. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढ, आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर समज. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का बघ. स्टेपनीच्या जागेत, डॅशबोर्डच्या खाली हात घालून बारीक गाळ लागतो का बघ. गालिच्याचा कोपरा उचलून वास घे. आत सुगंधी बाटली लटकवलेली असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बस, खरा वास वर येतो. कोणी हसलं तर हसू दे.

विम्याचं काम मी रोज करते, म्हणून हेही सांगते. विकणारा एकच मालक, अपघात नाही, ओरखडा नाही असं म्हणतो ना? त्याला चालू पॉलिसी दाखवायला सांग आणि एनसीबीचा, म्हणजे क्लेम न केल्याच्या सवलतीचा, आकडा बघ. पाच वर्षं एकही क्लेम नसला तर ती सवलत पन्नास टक्क्यांवर पोचते. वीस दिसली तर दोन वर्षांच्या आसपास काहीतरी झालेलं आहे. शून्य दिसली तर गेल्या वर्षी क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्ये तुटली होती. नुसती थर्ड पार्टी असेल तर जुन्या पॉलिसी माग. माणूस गोड बोलतो, पॉलिसीवरचा आकडा बोलेल ते बघ. ती सवलत मालकाची असते, गाडीबरोबर तुला मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षाचा हप्ता तुझ्या अंदाजापेक्षा जास्त येईल. शिवाय दहा वर्षांपुढच्या गाडीचा क्लेम आला की धातूच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात आणि घसारा न कापणारं झीरो डेप या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे विमा असूनही बंपर-बॉनेटच्या दुरुस्तीचा मोठा भाग तुझ्या खिशातून जाणार. गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करायला अर्ज दे. तेवढ्यात गाडी कुठे घासली तर दोन्हीकडून हात वर होतात.

किलोमीटरवर विश्वास नको. एक लाख दहा हजार म्हणतायत ना, मग अधिकृत सर्व्हिस सेंटरची बिलं दाखवा म्हण. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचा आकडा छापलेला असतो. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. काचांवरही वर्षाची खूण असते. सगळ्या एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचार.

इंजिन थंड असताना बघायचं, ही अट घाल. जाताच बॉनेटला हात लाव, गरम लागलं तर ‘आम्ही चहा पिऊन येतो’ म्हणून तासभर थांबा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर आत पाणी जातंय किंवा इंजेक्टर बिघडलाय. जोर लावल्यावर काळा धूर आणि ताकद नाही, तर टर्बोकडे बोट. क्लच किती वर सुटतो ते तू स्वतः चालवून बघ. घाटात वापरलेल्या जड गाडीचा क्लच लवकर संपतो, आणि काही गाड्यांत त्याबरोबर फ्लायव्हीलही बदलावं लागतं. बाकीचं तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला करू दे. मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नाही. त्याची फी द्यायला काचकूच करू नका.

आता पैशांचं. सव्वापाच लाख ही गाडीची किंमत झाली. त्याखेरीज पहिल्या वर्षासाठी मी वेगळे एक-सव्वा लाख बाजूला काढायला सांगते. चार टायर चाळीस हजारांच्या आसपास, पुढचं सस्पेन्शन, क्लच, बॅटरी, सगळी ऑइलं, नावावर करण्याचा खर्च, विमा. सगळं एकाच वर्षी येणार नाही, पण यातलं निम्मं नक्की येतं. हे पैसे हातात नसतील, सगळी एफडी गाडीतच जाणार असेल, तर किंमत चार लाखांच्या घरात येईपर्यंत थांबा किंवा लहान, नवी गाडी घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलल्यावर नव्या गाड्यांच्या किमती उतरल्यात, त्याची आठवण घासाघीस करताना करून दे. जुन्या गाडीचा विकणारा अजून आधीच्याच किमतीशी तुलना करत असतो. आणि हेही लक्षात ठेव की नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३१ पर्यंत. पुढे फिटनेस, नूतनीकरण, पर्यावरण कर. तेव्हा ही विकायला काढशील तर हातात फार काही येणार नाही. पाच वर्षं वापरायची आणि संपवायची, असाच हिशेब धर.

शेवटचं जरा नाजूक आहे. आरसीवर एकच नाव येतं. ते तुझं असू दे. मी तुझ्या नवऱ्याबद्दल काही वाईट बोलत नाहीये, तो गुणी आहे, माझा लाडका आहे. पण तुझे पैसे जिथे जातात तिथे तुझं नाव असावं, हे मी आईच्या वेळेपासून बघत आलेय. त्याला आजच मोकळेपणाने सांग, व्यवहाराच्या टेबलावर नको. तो नाही म्हणणार नाही. आणि तुझ्या नावावर आली म्हणजे तू चालवशीलही. आत्ता तू मोठी गाडी बघून मागे सरतेस, ते मला आवडत नाही. सीट वर घेऊन बघ, बॉनेटचं टोक दिसतं का, रिव्हर्सला मान वळवून काय दिसतं. तुला चालवता न येणारी गाडी तुझ्या पैशांनी घरात यायला नको.

गेल्यावर तो माणूस सगळं तुझ्या नवऱ्याकडे बघून बोलेल. तू मधेच विचारत जा. आज रात्री पॉलिसीचा, आरसीच्या दोन्ही बाजूंचा आणि चारी टायरवरच्या आकड्यांचा फोटो मागवून मला पाठव. वाहनच्या साइटवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, चलन थकलंय का ते मी उद्या सकाळी काढून ठेवते. बँकेचा बोजा दिसला तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. रविवारी गाडी बघायला निघण्याआधी मला फोन कर.