वगळलेली इमारत

कळवा

चि. मनू हिस,


तुझा प्रोजेक्ट वाचला. कळव्यात घर स्टेशनपासून जितकं लांब तितकं भाडं जास्त, असं तुझं रिग्रेशन सांगतं आणि तू तेच निष्कर्षात लिहिलंस. इथलं कुणीही हे मान्य करणार नाही. रोज लोकल गाठणारा माणूस स्टेशनजवळच्या घराला चार पैसे जास्तच मोजतो. तुझी आकडेमोड बरोबर आहे. समीकरणात इमारत नाही, एवढंच.

स्टेशनलगत जुन्या, बिनलिफ्टच्या इमारती बऱ्याच, आणि खारेगाव-पारसिकनगरकडे नवे टॉवर. लिफ्टमुळे वाढलेलं भाडं तू अंतराच्या खात्यावर जमा केलंस. कागदावर करून बघ. समज, बाकी सगळं सारखं असताना दर किलोमीटरला भाडं ८०० रुपयांनी उतरतं, लिफ्टचे ५,००० जास्त पडतात, आणि दर किलोमीटरला लिफ्टवाल्या घरांचं प्रमाण ०.३ ने वाढतं. ५,००० गुणिले ०.३ म्हणजे १,५००. त्यातून ८०० गेले, उरले अधिक ७००. चिन्हच उलटलं! घरं दसपट केलीस तरी हे ७०० हटणार नाहीत, उलट पी-व्हॅल्यू आणखी लहान होऊन तुला जास्त खात्री वाटेल. मला त्याचीच काळजी वाटते.

मोठ्या अभ्यासकांनाही वगळलेल्या गोष्टीचा हा प्रश्न सुटायला वेळ लागला. लहान शेतात एकरी उत्पन्न जास्त, हे १९५० च्या दशकातल्या शेती-पाहण्यांत दिसलं. १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी त्यावर लिहिलं. वाद चालत राहिला. १९८८ मध्ये सुरजित भल्ला आणि प्रणय रॉय यांनी जमिनीचा कस हिशोबात घेतला, तेव्हा ते नातं बरंच फिकं पडलं.

पण म्हणून दिसेल ते सगळं समीकरणात कोंबू नकोस. भिंतीच्या रंगाचा अंतराशी संबंध नसेल, तर तो वगळल्याने अंतराचा उतार एका बाजूला झुकत नाही. डिपॉझिट तर घेऊच नकोस. ते भाड्याबरोबरच ठरतं, डिपॉझिट जास्त दिलं की भाडं कमी होतं.

आता प्रत्येक घरासाठी लिफ्ट, बांधकामाचं वर्ष आणि कार्पेट एरिया असे रकाने वाढव. वर्ष वॉचमनला विचार, नाहीतर सोसायटीच्या बोर्डावर नोंदणीचं साल बघ. अंतरही नकाशावरची सरळ रेघ धरून नको; मध्ये रूळ आहेत, माणूस पुलावरून जातो. जे मिळणारच नाही, त्याने उतार वर सरकेल की खाली, हे अहवालात लिही आणि मला पाठव.

तुझी,
मावशी