सरासरी वय – पण कोणाचे?

मागच्या अंकात आपल्या मंडळाच्या आरोग्य शिबिराचा अहवाल आला होता. "एकूण ६४ जणांनी तपासणी करून घेतली. सरासरी वय ५०." हे वाक्य माझे. त्या दिवशी दारापाशी बसून नावे आणि वये लिहून घेण्याचे व नंतर कॉम्प्युटरवर आकडेमोड करण्याचे काम माझ्याकडे होते. अंक घरी पोचल्यावर मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. "अगं, पन्नाशीचे इतके लोक आपल्यात आहेत तरी कोण? मला तर त्या दिवशी कोणी दिसले नाही!"

मी हसून वेळ मारून नेली, पण फोन ठेवल्यावर मात्र हसू आले नाही. काकूंनी विचारला तो प्रश्न तीन-चार वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला असता, तर माझ्या बाबांचे हॉस्पिटलात जाणे कदाचित टळले असते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनीयर आहे. तेव्हा हा लेख औषधांचा सल्ला देण्यासाठी नाही. आरोग्याची बातमी वाचताना एक आकडा कसा वाचावा, एवढेच सांगण्यासाठी आहे.

ॲस्पिरिनची बाटली

२०२२ च्या उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. बाबा ७२ वर्षांचे, रोज सकाळी तासभर चालणारे, हृदयाचा कसलाही त्रास नसलेले. त्याच सुमारास माझ्या वाचनात एक जुना लेख आला. अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर एक मोठा प्रयोग झाला होता आणि त्याचा अंतिम अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला होता. दिवसाआड एक ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. आकडा एवढा मोठा आणि प्रयोगात भाग घेणारे सगळे डॉक्टर! मी त्याच आठवड्यात कमी शक्तीच्या ॲस्पिरिनची बाटली आणली आणि बाबांना म्हटले, "रोज एक घ्या. इथे सगळे घेतात." बाबांनी मुलीचे ऐकले. परत जाताना आणखी दोन बाटल्या मीच त्यांच्या बॅगेत भरल्या.

दिवाळीनंतर आईचा फोन आला. बाबांना काळी शौचास होत होती, चक्कर येत होती. पोटातल्या अल्सरमधून रक्त जात होते. दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना विचारले, "ही गोळी कोणी सुरू केली?" बाबांनी माझे नाव सांगितले नाही, "अशीच घेत होतो" म्हणाले. हे मला आईकडून कळले. बाबा आता बरे आहेत, पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर मी त्या अभ्यासाचा मूळ अहवाल काढून वाचला. त्यातल्या डॉक्टरांची वये ४० ते ८४ होती. म्हणजे बाबांच्या वयाचेही काही त्यात होते, पण चाळिशी-पन्नाशीतले पुष्कळ होते आणि ४४ टक्के हा आकडा सगळ्यांचा मिळून होता. मग खास वृद्धांवर झालेला अभ्यास सापडला. ॲस्प्री नावाचा हा अभ्यास ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांवर झाला. त्यातले बहुतेक ७० वर्षांच्या पुढचे होते. २०१८ साली निष्कर्ष आले. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन अपंगत्वाशिवाय जगण्याचा काळ वाढला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ३.८ टक्के लोकांना झाला, न घेणाऱ्यांत २.८ टक्के लोकांना. एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे मी बाटली आणण्याच्या थोडेच आधी, यू. एस. प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञमंडळाने सांगितले होते की साठी उलटलेल्यांनी पहिला हार्ट अटॅक टाळण्यासाठी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये.

इथे एक सूचना ठळकपणे करते. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. हा लेख वाचून कोणीही डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये.

सरासरीचे गणित

आता थोडे गणित, पण घाबरू नका. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे कामावर गेलो की घरात चौघे उरत: बाबा ७२, आई ६८, मुलगा ८ आणि मुलगी ६ वर्षांची. बेरीज १५४, भागिले ४, सरासरी वय साडेअडतीस! हा आकडा वाचून कोणी आमच्या घरी ऑफिसला जाणाऱ्या चार माणसांचा डबा पाठवला, तर चूक त्याची नाही, ज्याने नुसती सरासरी कळवली त्याची.

आता माझ्या ऑफिसातले चौघे घ्या: ३७, ३८, ३९ आणि ४० वर्षांचे. सरासरी तीच, साडेअडतीस. हे दोन गट वेगळे आहेत हे सरासरी सांगत नाही. ते सांगायला दुसरा आकडा लागतो, प्रमाण विचलन. एकेकाचे वय सरासरीपासून साधारण किती दूर आहे, ते हा आकडा दाखवतो. ऑफिसच्या गटाचे प्रमाण विचलन सुमारे १.१ येते, आमच्या घरातल्या चौघांचे सुमारे ३१.५. म्हणून शोधनिबंधात सरासरी वयाच्या शेजारी प्रमाण विचलन देण्याची पद्धत आहे. बहुतेक वये सरासरीच्या जवळ असतील आणि दोन्ही बाजूंना सारखी विरळ होत गेलेली असतील, तर सरासरीतून प्रमाण विचलन वजा करून आणि मिळवून जो पट्टा मिळतो त्यात साधारण दोन-तृतीयांश लोक येतात. शिवाय सर्वांत लहान व सर्वांत मोठे वय दिले असेल तर उत्तम. काही ठिकाणी सरासरीऐवजी मध्यक देतात. सगळ्यांना वयाच्या क्रमाने रांगेत उभे केले की बरोबर मधल्या माणसाचे वय ते मध्यक.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. ज्या आकड्यांवर प्रोग्रॅम तपासलाच नाही, त्या आकड्यांवर तो नीट चालेल असे ग्राहकाला सांगायचे नाही. औषधाच्या बाबतीतही तेच. कोणत्या वयावर तपासले, हे आधी पाहायचे.

एका बातमीने घाबरलेल्या बायका

नुसत्या सरासरीकडेही दुर्लक्ष झाले की काय होते, याचे मोठे उदाहरण २००२ सालचे आहे. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासात १६,६०८ स्त्रियांवर रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन गोळ्यांचा प्रयोग चालू होता. जुलै २००२ मध्ये तो मुदतीपूर्वी थांबवला गेला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर, हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांचे प्रमाण जास्त दिसले. बातमी जगभर गेली आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या.

अभ्यास खोटा नव्हता. पण त्यातल्या स्त्रियांची वये ५० ते ७९ होती आणि सरासरी वय ६३.३. पन्नाशीतल्या स्त्रिया जेमतेम एक-तृतीयांश होत्या. अमेरिकेत पाळी सरासरी ५१ च्या सुमारास थांबते. म्हणजे अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते, म्हणून जी बाई पन्नाशीत डॉक्टरांकडे जाते, तिच्यापेक्षा या अभ्यासातली सरासरी स्त्री बारा वर्षांनी मोठी होती. २००७ साली त्याच अभ्यासातली माहिती वयाप्रमाणे वेगळी करून पाहिली गेली. पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत असलेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही, वीस वर्षे उलटून गेलेल्यांमध्ये दिसला. पक्षाघाताचा धोका मात्र अशा फरकाने नाहीसा झाला नाही. म्हणजे गोळ्या घ्याव्यात की नाही याचे एकच उत्तर नाही, ते वय व प्रकृती पाहून डॉक्टरांबरोबर ठरवायचे. आणि भारतीय स्त्रियांची पाळी साधारणपणे काही वर्षे आधी थांबते, हेही आपल्या मैत्रिणींनी डॉक्टरांना सांगावे.

मन म्हणजे कॉलेजकुमारांचे मन?

मानसशास्त्रात हा प्रश्न आणखी गमतीदार आहे. "माणसे असे वागतात" अशी बातमी येते, आणि मूळ निबंध उघडला तर सरासरी वय एकोणीस-वीस! जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली अमेरिकेतली प्रमुख नियतकालिके तपासून दाखवले की, व्यक्तिमत्त्व व सामाजिक मानसशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकातल्या अमेरिकन अभ्यासांपैकी ६७ टक्के अभ्यास केवळ मानसशास्त्र शिकणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाले होते. विद्यार्थी प्राध्यापकांच्या हाताशी असतात, हे त्याचे सरळ कारण. पण एकटेपणा, झोप किंवा स्मरणशक्ती यांविषयी त्यातून निघालेला नियम, वर्षातले सहा महिने आपल्या घरी येऊन टीव्हीसमोर बसणाऱ्या आजी-आजोबांना तसाच लावता येईल का? निबंधात वय नीट छापले असेल तर निदान हा प्रश्न विचारता तरी येतो.

आपल्या लोकांचा आकडा

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकच्या वेळचे सरासरी वय भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ या देशांत ५३.० होते, इतर देशांत ५८.८. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक लेख इथेच थांबतात. वाचणारा म्हणतो, "त्रेपन्नला अजून पंधरा वर्षे आहेत, तेव्हा बघू." पण शेजारचे प्रमाण विचलन वाचा: ११.४. वजा केले तर ४१.६ आणि मिळवले तर ६४.४. म्हणजे या रुग्णांमध्ये चाळिशीच्या आगेमागे असलेले पुष्कळ होते. ५३ ही काही रेल्वेची वेळ नव्हे.

उलट बाजूही सांगते. ज्या देशात तरुणांची संख्या जास्त, तिथे रुग्णांचे सरासरी वयही काहीसे कमी येणारच. म्हणून "आपले रक्तच वाईट" असे म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासात दिसले की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर असे धोके आपल्याकडे कमी वयात जास्त आढळतात. ते हिशेबात धरले की चाळिशीच्या आतल्या अटॅकच्या बाबतीतला फरक जवळपास मिटतो. यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि त्या पन्नाशीत नव्हे तर तिशीत तपासायच्या आहेत.

बातमी वाचताना

पुढच्या वेळी कोणी आरोग्याची बातमी पाठवली, तर एवढे पाहा:

१. अभ्यासात किती माणसे होती, आणि किमान व कमाल वय काय होते? वैद्यकीय निबंधात हे बहुधा पहिल्याच तक्त्यात सापडते.
२. सरासरी वयाबरोबर प्रमाण विचलन किंवा मध्यक दिला आहे का?
३. माझ्या किंवा माझ्या आई-वडिलांच्या वयाचे लोक त्यात किती होते? त्यांचा निष्कर्ष वेगळा दिला आहे का?
४. स्त्रिया होत्या का? आपल्याकडचे लोक होते का?
५. उत्तर मिळाले नाही, तर बातमीचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधाच्या दुकानात नको.

आता काकूंचा प्रश्न. मी शिबिराची वही पुन्हा काढली. ६४ पैकी ४० जण ३० ते ४६ वयाचे होते, सरासरी ३८. उरलेले २४ जण इथे आलेले आई-वडील, वय ६५ ते ७८, सरासरी ७०. सगळ्यांची सरासरी ५० आली खरी, पण ४७ ते ६४ या वयाचे एकही माणूस आले नव्हते. काकू बरोबर होत्या. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या वयात आपल्या लोकांनी तपासणी करून घ्यायलाच हवी, नेमके त्याच वयाचे लोक शिबिराला फिरकले नाहीत, हे माझ्या "सरासरी ५०" ने झाकून टाकले होते.

पुढच्या शिबिराचा अहवाल मी वयोगटांप्रमाणे देणार आहे. मधला रकाना या वेळी रिकामा राहू नये, ही विनंती.