मिस्वाक आणि मशेरी

प्रेषित मुहम्मद (स.) घरात आले की प्रथम मिस्वाक करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. उम्मतला जड जाईल अशी काळजी नसती, तर प्रत्येक नमाजसमयी मिस्वाक करण्याचा आदेश दिला असता, असेही प्रेषितांनी म्हटले आहे. मुखशुद्धी ही केवळ सवय नसून इबादतीची तयारी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

तुडील असो वा महाड-पोलादपूरकडील दुसरे एखादे गाव, आपल्या कोकणी घरांतून ही सुन्नत सर्वांना ठाऊक आहे. तरीही कोकणातील कित्येक माता-भगिनींच्या बोटावर सकाळी मशेरी असते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू म्हणजे मशेरी. तिच्यामुळे दातांचे दुखणे क्षणभर कमी झाल्यासारखे वाटते, पण निकोटीनमुळे तलफ जडते, हिरड्या दुबळ्या होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांवर भारतात १९९२ साली बंदी आली. घरच्या तव्यापर्यंत मात्र कायदा पोहोचत नाही. तेथे स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही कुरआनची (२:१९५) ताकीदच पोहोचली पाहिजे. सवय सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर निःशुल्क मार्गदर्शन मिळते.

दातांची निगा पहिल्या दातापासूनच सुरू व्हावी. लहान मुलांचे दात आईवडिलांनी स्वतः घासावेत. दुधाचे दात पडणारच म्हणून दुर्लक्ष करू नये. मोठ्यांनी वुजूच्या वेळी मिस्वाक करावा, शिवाय फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे दात घासावेत. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. वृद्धांनी कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी. तोंडातील जखम, पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाल्यास डॉक्टरांना दाखवावा.

रमजानमध्ये शाफई मसलकानुसार रोजेदाराने दुपारनंतर मिस्वाक करणे मकरूह मानले आहे. म्हणून सहरीनंतर, फजरची वेळ होण्यापूर्वी आणि रात्री झोपताना दात आवर्जून स्वच्छ करावेत.

मुले उपदेशापेक्षा आईचा हात अधिक पाहतात. त्या हातात मशेरीऐवजी मिस्वाक दिसला, तर पुढची पिढी ही सुन्नत आपोआप शिकेल. अल्लाह आपणा सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.